उभे-आडवे शब्द आणि डोक्याची धार

कोड्यांच्या पानासंबंधी आलेल्या पत्रांचा गठ्ठा या वेळी नेहमीपेक्षा जाड होता. त्यातील निम्म्याहून अधिक पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला असल्यामुळे त्याचे उत्तर आधी घेतले आहे.

प्रश्न : बँकेतून निवृत्त होऊन मला सात वर्षे झाली. सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रातील शब्दकोडे आणि सुडोकू सोडवल्याखेरीज मला चैन पडत नाही. यामुळे बुद्धी तल्लख राहते आणि म्हातारपणी विसराळूपणा येत नाही, असे सर्वजण सांगतात. प्रत्यक्षात मात्र चष्मा कुठे ठेवला हे रोज शोधावे लागते आणि शेजाऱ्यांच्या जावयाचे नाव ऐन वेळी आठवत नाही. मग एवढी वर्षे कोडी सोडवून मी मिळवले तरी काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपण कोडी उत्तम सोडवू लागलात, हे मिळवले. हे उत्तर खोचक वाटेल, पण आजवर झालेल्या मोठ्या प्रयोगांचे सार जवळपास तेच आहे. अमेरिकेत ‘ॲक्टिव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगात ६५ वर्षे व त्यापुढील वयाच्या २,८३२ व्यक्तींचे चार गट पाडण्यात आले. एका गटाला स्मरणाचे, दुसऱ्याला तर्काचे आणि तिसऱ्याला डोळ्यांपुढे झर्रकन येणारी माहिती टिपण्याचे दहा-दहा बैठकांचे शिक्षण दिले आणि चौथ्याला काहीच दिले नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रत्येक गट ज्याची तालीम मिळाली त्यातच सुधारला होता. तर्काच्या गटाची स्मरणशक्ती वाढली नव्हती आणि स्मरणाच्या गटाचा तर्क सुधारला नव्हता. ब्रिटनमध्ये ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर बुद्धीचे खेळ खेळले, त्या अभ्यासाचा २०१० साली ‘नेचर’मध्ये छापून आलेला निष्कर्षही याच वळणाचा होता. खेळणारे त्या त्या खेळात तरबेज झाले, पण न खेळलेल्या आणि वरवर त्याच जातीच्या वाटणाऱ्या कसोट्यांत त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. आपल्या मिरजेचेच उदाहरण घ्यायचे, तर तंबोऱ्यासाठी भोपळा पारखणाऱ्या कारागिराची नजर कितीही तयार असली, तरी तेवढ्यावरून त्याला हापूसची पेटी पारखता येईल असे कोणी म्हणणार नाही.

तरीही कोडी निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही, आणि ती रचून मी दोन घास खातो एवढेच त्याचे कारण नाही. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन भागात १९३६ साली जन्मलेल्या ४९८ व्यक्तींची नोंद या संदर्भात फार उपयोगी आहे, कारण वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी दिलेल्या बुद्धिमापन चाचणीचे गुण जपून ठेवलेले होते. त्यामुळे जी मुळातच हुशार असतात तीच माणसे कोड्यांकडे वळतात की कोड्यांमुळे हुशार होतात, हा गुंता थोडाफार सोडवता आला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की आयुष्यभर डोक्याला खाद्य देणाऱ्या माणसांचा उतारवयातील उतार काही कमी तीव्र नसतो, मात्र ती उतरायला लागतात ती वरच्या पायरीवरून. सौम्य विसराळूपणा सुरू झालेल्या १०७ जणांवर अमेरिकेत ७८ आठवडे झालेल्या आणखी एका प्रयोगात संगणकावरील बुद्धिखेळांपेक्षा साधे शब्दकोडे सोडवणाऱ्यांची स्थिती किंचित बरी राहिली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे; पण काहीच न खेळणाऱ्यांचा गट त्यात नव्हता, हेही तितक्याच प्रामाणिकपणे.

चष्मा न सापडणे आणि जावयाचे नाव न आठवणे हे आपल्या वयात सर्रास घडते. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, आयुष्यभर केलेला हिशेब अचानक न जमणे किंवा तीच गोष्ट तासाभरात तीनदा विचारणे असे काही घरच्यांच्या लक्षात आले, तर मात्र कोडे बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. स्मृतिभ्रंशावरील ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली आहेत. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, अंधूक दिसणे, व्यायामाचा अभाव आणि एकटेपणा यांचा समावेश आहे. तेव्हा रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणे, कानाचे यंत्र लावण्याची लाज सोडणे आणि कोडे एकट्याने न सोडवता शेजाऱ्यांना हाक मारून त्यांच्याबरोबर सोडवणे, ही तीन कामे आपल्या सुडोकूपेक्षा अधिक मोलाची आहेत. शेजाऱ्यांच्या जावयाचे नावही त्या निमित्ताने पुन्हा कळेल.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी मी मराठी शब्दकोडे रचण्याचा प्रयत्न करत आहे. इंग्रजी कोड्याचा आराखडा समोर ठेवून त्यात मराठी शब्द बसवतो, पण चार-पाच शब्दांनंतर सगळे अडते. शिवाय उभ्या शब्दात ‘वि’ आणि आडव्या शब्दात ‘वी’ एकाच घरात आले तर चालते का, यावरून आमच्यात दोन तट पडले आहेत.
— एक ग्रंथपाल, फोंडा

उत्तर : यात आपला दोष नाही, दोष आराखड्याचा आहे. आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये पहिले शब्दकोडे छापले, तेव्हा त्याच्या प्रत्येक घरात बसणारी चिन्हे फक्त २६ होती. आपल्याकडे एका घरात काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार यांसह संपूर्ण अक्षर बसते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ धरून ३६ व्यंजनांची बाराखडी मांडली तरी ४३२ अक्षरे होतात, आणि जोडाक्षरांची पलटण त्यानंतर येते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द रोमन लिपीत दहा-अकरा घरे अडवतो. मराठीत तो म, हा, रा, ष्ट्र असा चार घरांत संपतो, आणि त्यातल्या ‘ष्ट्र’ला छेद देणारा शब्द शोधायचा म्हटले तर ‘राष्ट्र’ आणि ‘सौराष्ट्र’ यांच्यापलीकडे फारसे हाती लागत नाही. शब्द आखूड आणि अक्षरे अफाट, अशा दुहेरी कात्रीत मराठी कोडे रचणारा सापडलेला असतो, आणि म्हणूनच आपल्या कोड्यांत काळी घरे अधिक असतात. त्याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही.

तरीही गच्च विणलेला कोपरा अगदीच अशक्य नसतो. खालील नऊ घरे पाहावीत.

क म र
म ग ज
र ज त

आडवे वाचा किंवा उभे वाचा, कमर, मगज आणि रजत हेच तीन शब्द मिळतात. येथे एकाही घरात काना-मात्रा नाही, आणि चौकट जमण्याचे खरे कारण तेच आहे. छेद जाणाऱ्या घरांत निव्वळ अकारान्त अक्षरे ठेवावीत, फार तर ‘का, ता, ना, रा, ला’ अशी सढळ वापरातली काना असलेली अक्षरे चालतील. वेलांटी, उकार आणि जोडाक्षर यांना शक्यतो अशा घरात ढकलावे जिथून दुसरा शब्द जात नाही किंवा जिथे दोन्ही शब्द संपतात. उदाहरणार्थ, वरच्या चौकटीत शेवटच्या घरात ‘त’च्या जागी ‘नी’ घातला तर आडवी आणि उभी दोन्हीकडे ‘रजनी’ होते आणि काही बिघडत नाही. आता ‘कमर’ काढून ‘कमळ’ घालून पाहा. उजव्या रकान्यातील उभा शब्द ‘ळ’ने सुरू व्हावा लागेल, आणि ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. ‘ण’चेही जवळपास तसेच. म्हणून ‘ळ’ आणि ‘ण’ ही अक्षरे नेहमी उभ्या शब्दाच्या मध्यावर किंवा शेवटी पडतील अशी आखणी आधीच करावी लागते. नवशिक्याचे कोडे बहुधा इथेच फसते. (कनक, नयन, कनक अशी चौकटही जमते, पण एकच शब्द पुन:पुन्हा वापरून जागा भरणे म्हणजे पाहुण्याला सकाळचीच आमटी संध्याकाळी वाढणे होय.)

ऱ्हस्व-दीर्घाच्या वादात मी कडक तटाचा आहे. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांप्रमाणे मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहितात. त्यामुळे ‘रवी’ आणि ‘कवी’ यांत ‘वी’ येते, पण ‘रविवार’ आणि ‘कविता’ यांत ‘वि’ येते. आडव्या ‘रवी’ला उभ्या ‘कविता’ने छेद द्यायचा झाला, तर त्या घरात कोणते अक्षर लिहायचे? एक लिहिले की दुसरा शब्द अशुद्ध होतो. असे घर सोडवणाऱ्याला पेचात टाकते आणि त्याने बरोबर शब्द शोधूनही त्याच्या मनात शंका ठेवते. कोडे रचणाऱ्याने हा अन्याय करू नये. आपल्या मित्रांचा दुसरा तट याला उत्तर म्हणून उलटसुलट वाक्यांचे उदाहरण देईल. ‘ती होडी जाडी होती’ आणि ‘रामाला भाला मारा’ ही वाक्ये अक्षरश: दोन्हीकडून सारखी आहेत, पण ‘चिमा काय कामाची’ मध्ये एका टोकाला ‘चि’ आणि दुसऱ्या टोकाला ‘ची’ असूनही आपण ते पिढ्यान्पिढ्या आनंदाने म्हणत आलो आहोत. माझे म्हणणे असे की ते वाक्य कानासाठी आहे आणि शब्दकोडे डोळ्यांसाठी. कानाला जी सूट आहे ती डोळ्याला नाही.

दोन व्यावहारिक सूचना. पहिली अशी की शब्दांची वही पहिल्या अक्षराप्रमाणे न लावता मधल्या अक्षराप्रमाणे लावावी, कारण पहिल्या अक्षरासाठी शब्दकोश आहेच. अडचण येते ती ‘तीन घरांचा, मध्ये ग असलेला शब्द’ हवा असतो तेव्हा. दुसरी सूचना अशी की शोधसूत्र शब्दकोशातून उचलू नये. ‘मगज’साठी ‘मेंदू’ असे लिहिले तर सोडवणारा क्षणात पुढे जातो. ‘कवटीत असतो, टरबुजाच्या बीमध्येही असतो’ असे लिहिले तर तो पेन्सिल कानावर ठेवून छताकडे पाहू लागतो. ‘रजत’साठी ‘पंचविसाव्या वर्षाच्या महोत्सवाचा धातू’ चालेल. सोडवणाऱ्यापेक्षा रचणाऱ्याच्या डोक्याला अधिक व्यायाम होतो असे माझे इतक्या वर्षांचे मत आहे, आणि या एका बाबतीत मी कोणत्याही प्रयोगाचा हवाला देणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा इयत्ता चौथीत आहे. येथील एका खासगी वर्गात कोडी आणि तर्काचे खेळ शिकवून बुद्ध्यंक वाढवण्याची व गणितात हमखास गुण मिळवून देण्याची खात्री दिली जाते. फी मोठी आहे. मुलाला घालावे काय?
— एक आई, लातूर

उत्तर : मिरजेच्या वाचकांना दिलेले उत्तर वाचलेत तर हमीविषयीचे माझे मत आपल्याला कळेल. अमेरिकेत बुद्धिखेळ विकणाऱ्या एका प्रसिद्ध कंपनीला अशाच अवास्तव दाव्यांपायी २०१६ साली तेथील व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरची तडजोड करावी लागली होती. मुलाला तेथे मित्र मिळत असतील आणि तो आनंदाने जात असेल तर फी खेळाची आहे असे समजून भरावी. बुद्ध्यंकाची आहे असे समजून भरू नये.

घरी मात्र कागद आणि पेन्सिल एवढ्यावर बरेच काही होण्यासारखे आहे. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या गणिताच्या शिक्षकांनी १९४९ साली एक गंमत जगापुढे ठेवली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत, मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करावे. १९४७ घेऊ. ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. पुढे ८६२२ वजा २२६८ म्हणजे ६३५४. त्यापुढे ६५४३ वजा ३४५६ म्हणजे ३०८७. येथे मुले हमखास अडखळतात, कारण चढत्या क्रमात शून्य पुढे येते आणि ०३७८ असे लिहावे लागते. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. शेवटी ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी पुन्हा ६१७४च. कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथे येऊन थांबते. चौथीच्या मुलाला हातचा घेऊन वजाबाकी करण्याचा कंटाळा असतो, पण या खेळात तो एका बसण्याला वीस वजाबाक्या करतो आणि ६१७४ आले नाही तर चूक कुठे झाली ते स्वत:च शोधतो. थोडा मोठा झाला की त्याला विचारावे की वाटेत आलेल्या प्रत्येक वजाबाकीच्या उत्तराला नऊने भाग का जातो.

त्याहून जुने कोडे हवे असेल तर भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आहे. ती ११५० च्या सुमाराची. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे, तेव्हा हे कोडे आपल्या अंगणातलेच म्हणायला हरकत नाही. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ काढले तर तेवढे भुंगे मालतीच्या वेलीवर गेले, थव्याचे आठ नवमांशही तिकडेच गेले, आणि उरलेल्या दोघांपैकी एक सुगंधाला भुलून कमळात अडकला व त्याची भुंगी बाहेर गुणगुणत राहिली. तर एकूण भुंगे किती? समीकरण न मांडताही हे सुटते. थव्याला नऊने भाग जायला हवा आणि त्याची निमपट पूर्ण वर्ग असायला हवी. अशी पहिली संख्या १८. तिची निमपट ९, वर्गमूळ ३, आठ नवमांश १६, आणि दोन. बेरीज २१ होते, म्हणजे भुंगे थव्यापेक्षा जास्त झाले. पुढची संख्या ७२. निमपट ३६, वर्गमूळ ६, आठ नवमांश ६४, आणि दोन. बेरीज बरोबर ७२. वर्गमूळ म्हणजे काय ते चौथीतल्या मुलाला आधी सांगावे लागेल, पण तो वाट काढतो हे मी पाहिले आहे.

आणि रात्री दिवे गेले की आजीकडे पाठवावे. उखाणा हा शब्द आज लग्नात नाव घेण्यापुरता उरला असला तरी त्याचा एक अर्थ कोडे असाच आहे. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ किंवा ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’ ऐकून मूल दात-जीभ आणि चांदण्या-चंद्र ओळखते, तेव्हा एका वस्तूत दुसरी वस्तू पाहण्याची सवय त्याला लागते.

प्रश्न : मागील अंकातील फराळाच्या डब्यांचे उत्तर दोनदा वाचले, तरी पटले नाही. एकच वस्तू पाहून तिन्ही डब्यांचा उलगडा कसा होईल? आमच्या घरी यावरून जेवण थंड झाले.
— एक कुटुंब, नागपूर

उत्तर : ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी कोडे असे होते. तीन बंद डबे आहेत. एकात फक्त चकल्या, दुसऱ्यात फक्त शंकरपाळे आणि तिसऱ्यात दोन्ही मिसळलेले. डब्यांवर ‘चकल्या’, ‘शंकरपाळे’ आणि ‘मिश्र’ अशा चिठ्ठ्या आहेत, पण तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या आहेत. एका डब्यात न पाहता हात घालून एकच वस्तू काढायची आणि तिन्ही डबे ओळखायचे.

हात ‘मिश्र’ चिठ्ठीच्या डब्यात घालावा. समजा, चकली आली. चिठ्ठी चुकीची असल्यामुळे हा डबा मिश्र असू शकत नाही, म्हणजे त्यात फक्त चकल्याच आहेत. आता ‘शंकरपाळे’ चिठ्ठीच्या डब्यात नुसते शंकरपाळे नाहीत हे चुकीची चिठ्ठीच सांगते, आणि चकल्यांचा डबा तर सापडला. म्हणून तो मिश्र. उरलेला ‘चकल्या’ चिठ्ठीचा डबा शंकरपाळ्यांचा. आपल्या घरातील वाद बहुधा ‘चकल्या’ चिठ्ठीच्या डब्यापासून सुरुवात केल्यामुळे झाला असावा. तिथून चकली आली तर नशीब, डबा मिश्र ठरतो आणि बाकीचे सुटते. पण शंकरपाळा आला तर तो डबा शंकरपाळ्यांचाही असेल आणि मिश्रही असेल, आणि आपण अडकतो. मला आलेल्या चुकीच्या उत्तरांपैकी बहुतेकांत तर्क बरोबर होता. ‘तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या’ या तीन शब्दांपैकी ‘तिन्ही’ हा शब्द डोळ्यांआड झाला होता. तर्ककोड्यांत हरणारे अधिक लोक विचारात नव्हे, वाचनात हरतात.

प्रश्न : सुडोकूत अडल्यावर एखादा अंक अंदाजाने लिहून पुढे जाणे योग्य आहे का? आणि हा खेळ खरोखर जपानी आहे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : नाव जपानी, जन्म अमेरिकेतला. इंडियानापोलिसचे वास्तुरचनाकार हॉवर्ड गार्न्स यांचे हे कोडे १९७९ साली अमेरिकेत निराळ्या नावाने छापले गेले, १९८४ साली ते जपानात गेले आणि २००४ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आल्यावर जगभर पसरले. नीट रचलेल्या सुडोकूचे उत्तर एकच असते आणि ते अंदाजपंचे न करता मिळते. अडल्यावर प्रत्येक रिकाम्या घरात शक्य असलेले अंक पेन्सिलीने बारीक लिहावेत. एकाच ओळीतल्या दोन घरांत फक्त ४ आणि ७ हेच उरले असतील, तर कोणत्या घरात कोणता हे न कळताही त्या ओळीतल्या इतर सर्व घरांतून ४ आणि ७ खोडता येतात; अडलेले निम्मे सुडोकू एवढ्यावर सुटतात. दिलेले अंक १७ पेक्षा कमी असतील तर उत्तर एकमेव असूच शकत नाही, हे २०१२ साली संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले आहे. तेव्हा १६ अंकांचे सुडोकू कोणी पुढे केले तर ते न सोडवताच परत करावे.

प्रश्न : नातवंडे न्यू जर्सीला असतात. आठवड्यातून एकदा फोनवर दिसतात, पण पाच मिनिटांत बोलणे संपते. त्यांची मराठी टिकावी असा एखादा खेळ सुचवाल का?
— एक आजी, डोंबिवली

उत्तर : नाव-गाव-फळ-फूल खेळावे. दोन्हीकडे कागद हवेत, अक्षर एकाने सांगायचे आणि मिनिटभर थांबायचे. तिकडच्या मुलांना ‘ब’वरून गाव म्हणून बॉस्टन आठवेल, तर तुम्ही बारामती लिहा, गुण दोघांनाही द्यावेत आणि बारामती कुठे आहे हे सांगताना पंधरा मिनिटे जातात. भेंड्या खेळायच्या झाल्यास नियम आधी ठरवून घ्यावा की ‘ळ’वर संपले तर ‘ल’ घ्यायचा आणि ‘ण’वर संपले तर ‘न’. नियम ठरवला नाही तर भांडण होते, आणि भांडण मराठीत झाले तर त्यालाही माझी हरकत नाही.

प्रश्न : गेल्या अंकातील शब्दकोड्यात आडव्या ९ चे उत्तर ‘पणती’ आणि उभ्या ७ चे ‘अतिथी’ असे दिले आहे. दोन्ही शब्द एकाच घरात छेदतात. आपणच नेहमी ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह धरता, म्हणून विचारतो.
— एक निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, चूक माझी आहे. ‘पणती’तील ‘ती’ दीर्घ आणि ‘अतिथी’तील ‘ति’ ऱ्हस्व. ते घर दोघांनाही एकाच वेळी पावणार नाही, आणि फोंड्याच्या ग्रंथपालांना वर एवढे सुनावल्यानंतर मला पळवाटही उरलेली नाही. उभ्या ७ च्या पहिल्या व तिसऱ्या घरातून दुसरा शब्द जात नसल्यामुळे दुरुस्ती सोपी आहे. ‘अतिथी’ खोडून तेथे ‘प्रतीक्षा’ लिहावे, म्हणजे मधली ‘ती’ जागच्या जागी बसते. ‘दारी आलेला पाहुणा’ हे जुने शोधसूत्र रद्द समजून ‘तो येईपर्यंत जी करावी लागते ती’ असे वाचावे. ज्यांनी पेनाने भरले, त्यांची क्षमा मागतो.